दुःखाचा जाब आणि मुक्तीचा अर्थ



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी म्हणालो, "परमेश्वर असताना जगात दुःख का, आणि मुक्ती म्हणजे काय." चालक सज्जन आहेत. त्यांनी विषय लिहून घेतला आणि शांतपणे म्हणाले, "वेळ एक तासाचा आहे." प्रश्न अनादि आणि वेळ तासाभराचा, अशी माझी आजची अवस्था आहे. म्हणून सारे तत्त्वज्ञान धुंडाळण्याचे सोडून मी एकाच प्रसंगाचे बोट धरून चालणार आहे.

काही वर्षांपूर्वी रामनवमीच्या यात्रेला मी पोहरादेवीला गेलो होतो. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातले हे गाव तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. जगदंबेचे मंदिर आणि संत सेवालाल महाराजांची समाधी यांमुळे देशभरच्या बंजारा समाजाची ही काशी झाली आहे. आंध्र, तेलंगण, कर्नाटक, मध्य प्रदेश, कुठून कुठून माणसे येतात. चैत्राचे ऊन, नगाऱ्याचा आवाज, आरशांच्या घागऱ्यांची लखलख, आणि पायाखाली तापलेली धूळ. मी सावली शोधीत एका झाडाखाली टेकलो. शेजारी एक वृद्ध बंजारा स्त्री बसली होती. बंजारा बोलीत आईला याडी म्हणतात. मीही तिला याडी म्हणालो, आणि त्या एका शब्दाने बोलणे सुरू झाले. मी पुस्तकी माणूस आहे हे तिने ओळखले असावे. थोड्या वेळाने ती म्हणाली:

"दादा, तुम्ही शिकेल मानसं. मले एक सांगा. माहं पोरगं रात्री गव्हाले पानी द्याले गेलं. लाइन रातचीच असते. अंधारात सापानं डसलं. जवळच्या दवाखान्यात नेलं, त लस नोती. मोठ्या दवाखान्यात नेता नेता वाटेतच गेलं. लोकं म्हनतात, मागल्या जन्माचं पाप. मले त मागला जन्म काही आठोत नाही. मंग हे शिक्षा कोनाची, अन् कायची?"

सभ्य गृहस्थहो, या विषयावर मी बरेच वाचले होते. त्या झाडाखाली त्यातले एकही वाक्य माझ्या तोंडून निघाले नाही. का निघाले नाही, याचा शोध म्हणजेच आजचे व्याख्यान.

प्रश्न शास्त्रीय भाषेत मांडायचा तर तीन विधाने करावी लागतात. देव सर्वसमर्थ आहे. देव दयाळू आहे. आणि जगात निरपराध्यांच्या वाट्याला दुःख येते. यांपैकी कोणतीही दोन विधाने एकत्र नांदतात. तिसरे आले की भांडण सुरू होते. समर्थ आणि दयाळू देव असेल तर दुःख कसे? दुःख आहे, तर एक त्याला ते टाळता येत नाही, किंवा टाळावेसे वाटत नाही.

हा आक्षेप पाश्चात्त्यांनीच घेतला असे कोणी समजू नये. आपल्या ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात हीच तक्रार नोंदलेली आहे. ईश्वर जगाचा कर्ता मानला, तर त्याच्यावर दोन दोष येतात: वैषम्य, म्हणजे पक्षपात, आणि नैर्घृण्य, म्हणजे निर्दयपणा. सूत्रकारांचे उत्तर असे की, ईश्वर प्राण्यांच्या कर्मानुसार फळ देतो, म्हणून दोष त्याच्याकडे जात नाही. शंकराचार्यांनी त्यावर पावसाचा दृष्टांत दिला आहे. पाऊस सर्व शेतांवर सारखाच पडतो. भात येतो की जव, हे बीजावर अवलंबून. पुढे कोणी विचारले की पहिले कर्म कोणी केले, तर उत्तर आहे की संसार अनादि आहे, पहिले असे काही नाहीच.

तर्क म्हणून हे उत्तर सामान्य नाही. जगाच्या मुळाशी मनमानी नसून नियम आहे, केलेले वाया जात नाही आणि न केलेले पदरात पडत नाही, ही फार मोठी श्रद्धा आहे. परंतु आपल्या वऱ्हाडातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला पावसाचा हा दृष्टांत सांगून पाहा. तो म्हणेल, "महाराज, तो सारखा पडतो, हे कोणत्या गावचे?" आचार्यांचा अवमान करावा म्हणून मी हे म्हणत नाही. एवढेच सुचवितो की सिद्धांत ज्या उंचीवरून मांडला जातो, त्या उंचीवरून शेत दिसते, शेतातला माणूस दिसत नाही.

आता माझा पहिला मुद्दा ऐका. कर्माचा सिद्धांत प्रथमपुरुषी आहे. "माझ्यावर हे आले, यात माझेही काही चुकले असेल, मी ते सुधारीन," असे जो स्वतःशी म्हणतो, त्याला त्यातून बळ मिळते. पण तेच वाक्य आपण दुसऱ्याविषयी उच्चारले, "तुझ्यावर हे आले, म्हणजे तुझेच काही चुकले," की त्याचे आरोपपत्र होते. त्या याडीचा मुलगा सापाने नेला, आणि तिची निरपराधता शेजाऱ्यांनी नेली. दुसरी चोरी पहिल्याहून लहान नाही.

थोर माणसांचेही पाऊल येथे घसरते. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भीषण भूकंप झाला. हजारो माणसे मेली. गांधीजी तेव्हा अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यावर होते. ते म्हणाले, ही अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वराने दिलेली शिक्षा आहे. रवींद्रनाथ ठाकूरांनी याला जाहीर विरोध केला: निसर्गातल्या घटनेला नीतीचा न्याय चिकटविणे बरोबर नाही. गांधीजींचा मोठेपणा असा की रवींद्रनाथांचा आक्षेप त्यांनी आपल्याच 'हरिजन' पत्रात छापला आणि मग आपले म्हणणे मांडले. गांधीजींचा हेतू किती उदात्त होता! परंतु बिहारच्या ढिगाऱ्यांखाली जे अस्पृश्य मेले, त्यांना कोणत्या पापाची शिक्षा झाली? ज्यांनी अस्पृश्यता सोसली, त्यांनाच अस्पृश्यतेबद्दल दंड, असा न्याय पृथ्वीवरचे न्यायासनही देणार नाही.

आणखी एक भूकंप आपल्या आठवणीतला आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणपती बोळवून माणसे झोपली होती, आणि किल्लारी व भोवतालची गावे क्षणात कोसळली. हजारो गेले. आदल्या दिवशी ज्याला विघ्नहर्ता म्हणून निरोप दिला, त्याने हे विघ्न का हरले नाही, हा प्रश्न तेव्हा घराघरांत विचारला गेला. पण तज्ज्ञांनी जाऊन पाहिले तेव्हा काय आढळले? मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती, आणि माथ्यावर मातीचे जड धाबे. जमीन हलली हे खरे. माणसे मेली ती मुख्यतः भिंतींनी आणि छपरांनी. त्याहून मोठे भूकंप होऊनही थोडी माणसे दगावतात, असे देश जगात आहेत. तिथे घरे वेगळी बांधतात. म्हणजे ज्याला आपण एक दुःख म्हणतो, त्यात बहुधा दोन दुःखे मिसळलेली असतात. एक धरणीचे, एक भिंतीचे.

हाच चिमटा घेऊन आपण याडीच्या दुःखाकडे जाऊ. सापाने चावा घेतला, ही सृष्टीची गोष्ट. पण शेताला वीज रात्रीच का आली? पायात बूट आणि हातात चांगला दिवा का नव्हता? जवळच्या दवाखान्यात लस का नव्हती? मोठा दवाखाना इतका दूर का? या चारही प्रश्नांची उत्तरे वैकुंठात नाहीत. ती आपल्याकडे आहेत. "मागल्या जन्माचे पाप" या तीन शब्दांनी ती चारही उत्तरे झाकून टाकली. देवावरचा आरोप काढून आपण तो आईवर ठेवला, आणि मधल्या मधे आपण सारे सुटलो.

आता हा न्याय एका माणसाला नव्हे, तर संपूर्ण समाजाला लावला की काय होते, ते पाहा. त्यासाठी पोहरादेवीइतके योग्य ठिकाण नाही.

बंजारा हे या देशाचे धान्यवाहक. हजारो बैलांच्या पाठीवर गोण्या लादून त्यांचे तांडे मीठ आणि धान्य वाहत. लष्करांना रसद त्यांनी पुरविली. जिथे पीक आहे तिथून जिथे पीक नाही तिथे धान्य नेणारा माणूस हा दुष्काळात देवदूतच. पुढे सडका आणि आगगाड्या आल्या. १८६७ साली भुसावळकडून वऱ्हाड ओलांडून लोहमार्ग नागपूरला पोहोचला. शेकडो वर्षांचा बैलांचा व्यापार बसला. यात कोणाचे पाप? कोणाचेही नाही. काळाचे चाक फिरले. पण यानंतर जे झाले त्यात पाप होते. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आधी तो उत्तर हिंदुस्थानात लागला, आणि १९११ च्या कायद्याने देशभर लावण्याची सोय झाली. ज्या जमातीची नोंद झाली तिच्यात जन्मलेला माणूस गुन्हा करण्याआधीच गुन्हेगार. त्याने हजेरी द्यायची. परवान्याशिवाय गाव सोडायचे नाही. काही जमातींना तर कुटुंबांसह तारेच्या कुंपणात ठेवले. फिरस्त्याचे फिरणे हाच गुन्हा ठरला, आणि बंजाऱ्यांसह कित्येक जमातींवर हा शिक्का बसला.

या कायद्याचे तर्कशास्त्र नीट न्याहाळा. जन्म हाच पुरावा. दारिद्र्य हीच साक्ष. आणि शिक्षा आधी, अपराध मागून शोधायचा. "मागल्या जन्माचे पाप" म्हणणाऱ्या शेजाऱ्याचे तर्कशास्त्र याहून वेगळे आहे काय? एकाने सरकारी राजपत्रात लिहिले, दुसऱ्याने ओट्यावर बसून सांगितले, एवढाच फरक.

चौदाव्या शतकातल्या कर्ममेळ्याला हे उमगले होते. चोखोबांचा हा मुलगा. आमची जात हीन ठेवलीस ती तूच, मग आता आम्हाला दोष कसा देतोस, असा रोकडा सवाल त्याने विठ्ठलाला केला. आपल्या परंपरेने ते अभंग फाडले नाहीत; जपून ठेवले. देवाशी भांडणाऱ्याला वारकरी पंथाने नास्तिक ठरविले नाही, ही आपल्या धर्माची मोठी पुण्याई आहे. जो जाब विचारतो तो अजून देवाकडे तोंड करून उभा आहे. पाठ फिरविली आहे ती, शेजाऱ्याच्या दुःखाचे कारण घरबसल्या सांगणाऱ्याने.

इथे एखादा श्रोता मला अडवील. "वक्तेमहाशय, तुम्ही भिंतीचे सांगितलेत, कायद्याचे सांगितलेत. हे समाजसुधारणेचे व्याख्यान झाले. उद्या सगळ्या भिंती पक्क्या झाल्या, दवाखान्यात लस आली, तरी साप उरतोच. त्या सापाचे काय? देवाचे काय?"

हा आक्षेप योग्य आहे, आणि मी तो चुकविणार नाही. होय, साप उरतो. निरोगी बालक ज्या आजाराने आठ दिवसांत जाते, तो आजार उरतो. त्या उरलेल्या दुःखाचे कारण माझ्यापाशी नाही, आणि जो ते आपल्यापाशी आहे म्हणतो त्याने ते एकदा त्या बालकाच्या आईसमोर म्हणून पाहावे. मात्र पोहरादेवीला सांगतात ती एक कथा मला या ठिकाणी हात देते.

परंपरेप्रमाणे सेवालाल महाराज १७३९ साली आंध्रातल्या गुत्तीच्या परिसरात जन्मले आणि १८०६ साली त्यांनी देह ठेवला. त्यांची कथा तांड्यातांड्यांत वेगवेगळ्या रूपांत सांगतात. तिचा गाभा असा. जगदंबेला वाटले, या मुलाने आपला भगत व्हावे. सेवाभाया तयार होईना, कारण देवीपुढे जिवाचा बळी द्यावा लागे आणि मुक्या जिवाची हत्या त्याला मान्य नव्हती. तांड्यावर संकटांमागून संकटे आली. अखेर तांड्याचे हाल पाहून तो देवीपुढे गेला. पण दुसऱ्याचा जीव पुढे करून नव्हे, स्वतःला पुढे करून.

कथेचा इतिहास कोणी शोधू नये, अर्थ शोधावा. या कथेत दुःख तांड्याच्या पापाने आले असे कुणी म्हणत नाही. ते देवीकडूनच आले, हे कथा लपवीत नाही. एवढा प्रामाणिकपणा तत्त्वज्ञांच्या ग्रंथांतही क्वचित आढळतो. आणि कथेचा नायक दुःखाचे कारण शोधीत बसत नाही. तो तांड्याच्या आणि संकटाच्या मधोमध जाऊन उभा राहतो. बळी थांबवितो तो बळी कोणाला द्यावा हे सांगून नव्हे, तर "दुसऱ्याचा नको" असे म्हणून. पोहरादेवीच्या यात्रेत नवसाच्या बोकडांचे बळी पुढेही दीर्घकाळ दिले गेले, आणि ते थांबावेत म्हणून झटणारी माणसे त्या समाजातूनही निघाली. सेवालालांना भोग लागतो तो मात्र गोडाचा.

बंधुभगिनींनो, "देव दुःख का होऊ देतो?" या प्रश्नाचे उत्तर कारणाच्या रूपात येत नाही, ते आलेच तर सोबतीच्या रूपात येते, असे मला वाटते. कारण सांगणारा दुःखाच्या बाहेर उभा असतो. सोबत करणारा आत येतो. देव कुठे होता असे विचारले, तर मी कारण सांगणाऱ्यांच्या बाजूला बोट दाखविणार नाही.

आता मुक्तीकडे वळू. आपल्या मनात मुक्ती म्हणजे जाणे. येथून सुटून दुसरीकडे जाणे. परंतु शब्दाचे मूळ पाहा. 'मुच्' म्हणजे सोडणे, मोकळे करणे. गाठ सोडणे, बैलाच्या मानेवरचे जू काढणे, ऋणकोला ऋणातून सोडणे. देहूच्या तुकोबांकडे पाहा. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळाने त्यांचे घर उद्ध्वस्त केले, पत्नी अन्नावाचून गेली. त्या आघातानंतर त्यांनी काय केले? आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली, असे चरित्रकार सांगतात. स्वतःच्या मुक्तीचा आरंभ त्यांनी दुसऱ्यांना मोकळे करण्यापासून केला. ज्याला स्वतःला दुःखाने पिळले, त्याने दुसऱ्याच्या मानेवरचा फास सोडला.

आणि हाच शब्द योगायोगाने आणखी एका ठिकाणी येऊन बसला आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला. स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षे लागली. ज्यांच्यावरचा शिक्का पुसला गेला, त्यांना आपण कोणते नाव दिले? विमुक्त. महाराष्ट्राच्या यादीत बंजारा समाज आजही विमुक्त जातींमध्ये आहे. कार्यालयातल्या कारकुनाने हा शब्द नमुन्यात भरला असेल तेव्हा त्याच्या मनात मोक्षशास्त्र नसेल. पण शब्दाने आपले काम केले. मुक्ती म्हणजे काय? ज्या अपराधाचे ओझे माणसाने कधी उचललेच नव्हते, ते त्याच्या माथ्यावरून उतरणे, हा तिचा एक अर्थ आहे. आणि तो दुय्यम अर्थ नाही.

अर्थात कायदा रद्द झाल्याने सगळे सुटले नाही. कागदावरचा शिक्का पुसता येतो. पाहणाऱ्याच्या डोळ्यातला शिक्का फार दिवस टिकतो. ओझे वाहणाऱ्याच्या मनातही तो उतरलेला असतो. म्हणून मुक्तीला दोन दारे आहेत. बाहेरचे दार कायद्याने, अन्नाने, औषधाने उघडते. आतले दार भय आणि अपराधभाव गेल्यावर उघडते. एकच उघडून भागत नाही. पुसद तालुक्यातल्या गहुली या तांड्यावर १९१३ साली एक मूल जन्मले. त्या मुलाच्या हाती, म्हणजे वसंतराव नाईकांच्या हाती, १९७२ च्या दुष्काळात सबंध महाराष्ट्राची धुरा होती, आणि त्याच काळात रोजगार हमी योजनेचा पाया घातला गेला. मागेल त्याला काम. ज्यांच्या पूर्वजांनी दुष्काळात धान्याच्या गोण्या वाहिल्या, त्यांच्यातल्याच एकाच्या कारकिर्दीत दुष्काळाला "प्रारब्ध" न म्हणता "काम काढा" असे म्हणण्याची रीत पडली. यालाही मी मुक्तीच्या बाहेरच्या दारावरची एक थाप समजतो.

आतल्या दाराविषयी मी काय सांगणार? मी ते उघडलेले एकदाच पाहिले, आणि ते त्या झाडाखाली.

मी उत्तर देऊ शकलो नाही. नुसता बसून राहिलो. ऊन उतरल्यावर ती उठली आणि समाधीकडे निघाली. मी मागोमाग गेलो. तिने हात जोडले. बंजाऱ्यांच्या प्रार्थनेत, तिला ते अरदास म्हणतात, स्वतःपुरते मागणे नसते. किड्यामुंगीचे भले होवो, गुराढोरांचे भले होवो, लेकराबाळांचे भले होवो, सर्व जीवमात्राचे भले होवो, असे ते मागणे असते. ती संथपणे सारे म्हणाली. बाहेर आल्यावर मला राहवले नाही. मी विचारले, "याडी, सर्व जिवांत तो सापही आला ना?"

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले. म्हणाली, "येते ना. त्याचा काय दोस? त्याले काय ठाव, कोनाचा पाय हाय. अंधार होता."

तिने सापाला निर्दोष सोडले. तिला मात्र आपण अजून सोडलेले नाही. ते काम आपले आहे, आणि घरी जाताना आपण प्रत्येकाने ते बरोबर न्यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.